आधी पाणी

माझी आत्या गोजरबाई पाणी पिण्याआधी ते हुंगायची. स्वतःच्या माठातलं, स्वतः भरलेलं, स्वतः गाळलेलं पाणीसुद्धा. तांब्या नाकाशी न्यायची, थोडी थांबायची. कधी पिऊन टाकायची, कधी तसाच खाली ठेवायची. घरी आलेले पाहुणे हसायचे. मी लहान होते तेव्हा मीही हसायचे. पुढं मी सरकारी दवाखान्यात नर्स झाले, बाळंतपणं करू लागले, तेव्हा एका दुपारी तिनं मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता ती दोनदा उठून परसात ओकून आली. घडलं त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

गावाचं नाव मी लिहीत नाही. वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. ज्या घरांची ही हकीकत आहे त्यांची नातवंडं आज मला ‘ताई’ म्हणतात, चहा देतात. चहा मी पिते. पण आधी कप कुठून काढला ते बघते.

आत्या त्या गावात सून म्हणून गेली ती निजामाच्या राज्यात, एकोणीसशे पंचवीसच्या आसपास. नवरा कचरू अंबाडीचे दोर वळायचा, लग्नकार्यात हलगी वाजवायचा. सासू चतुराबाई गावची सुईण. आमच्या मांगांच्या जातीत बायांकडं हे काम पिढ्यानपिढ्या होतं. गावात कुणाच्याही पोटातून मूल आलं की पहिला हात मांगिणीचा लागायचा. मग त्याच मुलाला आयुष्यभर शिकवलं जायचं की त्या हाताला शिवू नको.

चतुराबाईनं सुनेला सगळं शिकवलं. पोटावरून हात फिरवून मूल आडवं आहे की उभं ते ओळखायचं, वार अडकली तर काय करायचं, नाळ कुठं बांधायची. आणि त्याबरोबर हेही शिकवलं की मागच्या दारानं जायचं. वाटेत कशाला हात लावायचा नाही. काम झालं की लगेच उठायचं, कारण आपण बसलो ती जागा त्यांना शेणानं सारवायची असते. भाकरी वरून टाकतील ती पदरात झेलायची. खाली पडली तर उचलायची, पण तोंड वाकडं करायचं नाही.

“तोंड वाकडं केलं की दुसऱ्या येळंला बोलवत न्हाईत,” चतुराबाई म्हणायची.

आत्याला काम आवडायचं. ती मला म्हणायची, “डोकं दिसायला लागलं ना नंदे, की मला बाकी कायबी दिसायचं न्हाई. ना जात, ना पाटील.”

रामराव पाटलाची बायको उषाबाई पहिलटकरीण होती. एकतीस सालचा वैशाख. आदल्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या, तेव्हापासून आत्या आणि चतुराबाई त्या खोलीत. खोलीला एक झरोका, आत धुराची शेगडी. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा मूल आलं, पण निळं. नाळेचे दोन वेढे गळ्यात. आत्यानं वेढे सोडवले, पाय धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या. आवाज नाही. चतुराबाईनं कपाळाला हात लावला.

मग आत्यानं त्या मुलाच्या नाकातोंडावर आपलं तोंड लावलं आणि आतला चिकटा ओढून काढला. थुंकला. पुन्हा ओढला. मग हळूच फुंकर घातली. मी स्वतः हे काम रबरी नळीनं केलेलं आहे. त्याचा वास मला ठाऊक आहे. आत्याकडं नळी नव्हती. तिसऱ्या खेपेला मूल रडलं.

“पोरगा!” बाहेर ओरडाआरडा झाला. गूळ वाटायला लागले. खोलीत कुणी डोकावलं नाही.

आदल्या संध्याकाळपासून आत्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तोंडात त्या चिकट्याची चव. कोपऱ्यात बाळंतिणीसाठी भरलेला तांब्या होता. तिनं उषाबाईकडं पाहिलं. उषाबाईनं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. आत्यानं तांब्या उचलला आणि वरून, ओठ न लावता, घटाघटा पाणी प्यायली.

दारात पाटलाची आई सोनूबाई उभी होती.

सोनूबाईनं आधी काय केलं, तर मूल उचलून त्याच्या तोंडात बोट घालून गोमूत्रानं ते आतून पुसून काढलं. नुकताच श्वास घ्यायला लागलेलं मूल. ते गुदमरलं, खोकलं. ते बघून आत्या पुढं झाली तर सोनूबाई ओरडली, “सर मागं! त्वांड लावलंस ते लावलंस, आता वर तांब्या बाटवलास!”

दोघींना अंगणात उभं केलं. ओट्यावर रामराव बसला होता, तोंडात गूळ. चार लोक गुळासाठी आलेले. चतुराबाई हात जोडून “चूक झाली मायबाप, पोरीला समजलं न्हाई” असं म्हणत राहिली.

“तहान लागल्ती व्हय गं?” रामराव म्हणाला. “मंग सांगायचं की. पाणी काय कमी हाय का वाड्यात? ती बघ डोणी.”

गोठ्याजवळ म्हशींची दगडी डोणी होती. वर हिरवी साय, शेणाच्या काड्या, नुकतीच एका म्हशीनं लाळ गाळलेली. आत्यानं ओंजळ पुढं केली.

“ओंजळीनं न्हाई,” रामराव म्हणाला. “त्वांड लावायची हौस हाय ना तुला? लाव त्वांड.”

आत्यानं सासूकडं बघितलं. चतुराबाई पुटपुटली, “पी माय. पी. शब्द मोडू नको.”

ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि प्यायली. रामराव ‘बस’ म्हणेपर्यंत. लोक हसत होते. त्यांत एक बाई होती, कडेवर वर्षाचं पोर घेतलेली. ते पोर पायाळू होतं, आत्यानंच ओढून बाहेर काढलेलं. ती सगळ्यांत जास्त हसत होती. “पाटलाचं मला काय वाटलं न्हाई,” आत्या मला म्हणाली. “तो हरामखोर हाय, मला ठाऊक होतं. पर तो सारा वखत गूळ चघळून राह्यला होता. त्याच्या जबड्याचा आवाज येत होता. अन् ती बाई. तिला काय झाल्तं हसायला?”

हे सांगून ती पहिल्यांदा परसात गेली.

त्या दिवसानंतर आत्याला कशाचाच वास बरोबर येईना. भाकरीला शेणाचा वास, पाण्याला लाळेचा, नवऱ्याच्या अंगाला गोठ्याचा. ती राखेनं दात घासायची ते हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. कचरू भला माणूस होता, पण त्याला समजेना. “झालं गेलं गोजर. सोड आता,” म्हणायचा. ती म्हणायची, “झालंय, पर गेलं न्हाई.”

संध्याकाळी चतुराबाई गावातून टोपलं घेऊन यायची. शिळ्या भाकरी, वर ओतलेली आंबलेली कढी, एखाद्या भाकरीवर कुणाचे तरी दात उमटलेले. आजवर सगळं घर त्यावर जगलं होतं. एका संध्याकाळी आत्यानं ते टोपलं उचललं आणि नाल्यात पालथं केलं. चतुराबाईनं तिला काठीनं मारलं, मग स्वतःच रडत बसली.

“सात पिढ्या खाल्लं आमी हे! आमाला काय झालं?”

“काय झालं ते तुमाला दिसंना, आत्याबाई,” ती सासूला म्हणाली. “हेच तर झालं.”

त्या दिवसापासून तिनं मिळेल ती मोलमजुरी धरली. भाजलेले हरभरे खाल्ले, रानातली तांदुळजाची भाजी खाल्ली, उपाशी राहिली. पण उष्टं नाही.

त्या काळात तिला एकच घर होतं जिथं ती पाणी पिऊ शकायची. इमामबी. बांगड्या भरणारी, चाळिशीची विधवा, गावाच्या कडेला एकटी राहायची. भाऊ ख्वाजामियाँ जालन्याला. बांगडी भरायची तर हात हातात घ्यावा लागतो, आणि इमामबी आत्याचा हात फडकं मध्ये न घेता धरायची. तिनं आत्याला पाणी दिलं, उरलेलं त्याच वाटीतून स्वतः प्यायली. आत्या बघत राहिली.

“क्या देख रही गोजर? पानीच है,” इमामबी म्हणाली.

आत्यानं ते पाणी पोटात ठेवलं. पण खोटं कशाला सांगू, ख्वाजामियाँ सणाला आला की आत्याला चुलीपाशी येऊ द्यायचा नाही. “बाहेर बैठ,” म्हणायचा. इमामबी मान खाली घालायची. आत्या बाहेर बसायची.

डोणीची गोष्ट तिनं पाच-सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. गावानं पाहिलंच होतं, पण तिनं तोंडानं काढली नव्हती. वडीगोद्रीच्या बाजारात आसपासच्या गावच्या सुईणी भेटायच्या. सगळ्या आमच्याच. लिंबाच्या झाडाखाली बसून तंबाखू मळायच्या. एका बाजारच्या दिवशी सगुणाबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीनं विचारलं, “गोजरे, तू वाळून का चालली गं?” आणि आत्याच्या तोंडून सगळं आलं.

कुणी ‘अरेरे’ म्हटलं नाही. सगुणाबाईनं तंबाखू थुंकला आणि आपला उजवा तळहात उघडून दाखवला. भाजलेला, आकसलेला. पाण्याच्या घागरीला बाळंतपणात धक्का लागला म्हणून एका घरानं तिच्या हातावर निखारा ठेवला होता. दुसरीला बारशाच्या दिवशी पंगत उठल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलायला लावून त्याच पत्रावळींतलं निवडून खायला बसवलं होतं. तिसरी नुसती हुंदके देत राहिली. झाडाखाली बसलेल्या पाच बायांपैकी असल्या गोष्टीतून एकही सुटली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन आत्या जेवली. भाकरीला भाकरीचाच वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणाचा यायला लागला, पण एक दिवस तरी गेला होता.

पुढच्या बाजाराला ती ठरवूनच गेली. “आपण न्हाई गेलो तर त्यांची पोरं पोटातच राह्यतील,” ती म्हणाली. “जायचं. पर दारात थांबायचं. म्हणायचं, आधी पाणी. घरच्या भांड्यातनं, घरच्या बाईच्या हातनं. पाणी प्यालं की मंग आत. अन् शिळं घ्यायचं न्हाई.”

“अन् न्हाई दिलं तर?”

“तर उंबऱ्याबाहेर बसायचं.”

सगुणाबाई सोडून सगळ्या घाबरल्या. सगुणाबाई म्हणाली, “मला किती दिस राह्यलेत? मी बसते.”

याच सुमारास महारवाड्यात धर्मराज परत आला. जालन्याच्या जिनिंगमध्ये चार वर्षं काम केलेला, वाचता-लिहिता येणारा. सभा घ्यायचा. मेलेली ढोरं ओढू नका, वेठ करू नका, पाणवठ्यावर आपला हक्क आहे, असं जीव तोडून सांगायचा. आत्या एका सभेला गेली आणि मागं उभी राहिली. भाषण संपल्यावर तिनं विचारलं, “धर्मराजदादा, तुमचं बोलणं लई ग्वाड हाय. म्या उद्या तुमच्या आडावर पाणी भरायला येऊ का?”

महारांचा आड वेगळा होता आणि मांगांना तिथं मज्जाव होता. आम्ही ओढ्यातल्या वाळूत झिरा खोदून पाणी भरायचो. एक म्हातारी म्हणाली, “मांगीण? आडावर? इटाळ न्हाई व्हायचा?”

“तोच शब्द,” ती मला म्हणाली. “सोनूबाईच्या तोंडातला तोच शब्द. जसा उष्टा घास, ह्या तोंडातनं त्या तोंडात.”

धर्मराजचा चेहरा उतरला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोहरा घेऊन मांगवाड्यात आला. “चला बाई,” म्हणाला. आडावरच्या बायांनी घागरी उचलून नेल्या. त्याची स्वतःची आई त्याच्याशी सहा महिने बोलली नाही. आत्यानं पोहरा सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आडाचा दोर कचरूच्या हातचा होता. दोर विटाळत नव्हता. वळणारा विटाळत होता.

‘आधी पाणी’ सुरू झालं आणि गावानं मांगवाड्याचं रान बंद केलं. शेळ्या चारायच्या नाहीत, सरपण आणायचं नाही, मजुरी नाही. कचरूला बाजाराच्या वाटेवर मारलं, त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली. दोर वळणं संपलं. आपलेच लोक आत्याच्या दारात येऊन शिव्या देत, “तुझ्या एकटीच्या नाकासाठी आमची पोरं मारती व्हय?” धर्मराजनं उर्दूत अर्ज लिहवून अंबडला तहसिलीत नेला. तिथल्या एका कारकुनानं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळी कचेरी हसली. सुईणींना पाणी पाहिजे! ‘गावचा मामला आहे, गावात मिटवा,’ असं सांगून कागद परत दिला.

तरी बाळंतपणं कुणाच्या हुकमानं थांबत नाहीत. वर्षभरात दोन-तीन घरांनी पाणी दिलं. एका घरानं तर चकचकीत पितळी पेला दिला. आत्या खूष झाली. चौथ्या खेपेला तिनं पाहिलं, तो पेला गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असतो, कुत्र्याच्या वाडग्याशेजारी, आणि फक्त ती आल्यावर खाली काढतात. तिनं पेला तिथंच ठेवला आणि घरच्या बाईला म्हणाली, “तुमी पेता त्यातनं द्या. न्हाई तर बसते.” पाऊण तास बसली. मग मिळालं.

चाळीस साली उषाबाईचं चौथं बाळंतपण आलं. मधली दोन चतुराबाईनं केली होती. आता चतुराबाई वारली होती आणि पंचक्रोशीत आडवं मूल फिरवणारी दुसरी कुणी नव्हती. सकाळी पाटलाचं बोलावणं आलं. नऊ वर्षांत आत्या त्या अंगणात गेली नव्हती.

ती मागच्या दारात उभी राहिली. “आधी पाणी,” म्हणाली.

सोनूबाई आता म्हातारी झाली होती, पण आवाज तोच. “मेली तरी चालंल सून माझी, पर ह्या घरात ते व्हायचं न्हाई!”

आत्या उंबऱ्याबाहेर बसली. आतून उषाबाईचं ओरडणं ऐकू येत होतं. आत्याला त्या ओरडण्यावरून कळत होतं की मूल कुठं अडलं आहे. हात शिवशिवत होते. दोनदा ती उठली. दोनदा गोठ्याकडं नजर गेली आणि पुन्हा बसली. “मला वाटत होतं आत पळत जावं,” ती मला म्हणाली. “अन् मला असंबी वाटत होतं की मरू दे. खरं सांगते नंदे. तसं वाटलं म्हणून मला आजबी माझी शिसारी येते.”

दोन घटका गेल्या असतील. मग दार उघडलं. उषाबाई होती. भिंतीला धरून, लुगडं भिजलेलं, केस तोंडावर. हातात तांब्या. सोनूबाई मागून ओढत होती. उषाबाईनं तांब्या पुढं केला. “घे,” म्हणाली. “त्या दिशी मी डोळे मिटले. घे.”

आत्या प्यायली आणि आत गेली. मूल फिरवलं, काढलं. मुलगी होती. मेलेली. आत्यानं पुन्हा तोंड लावलं, ओढलं, फुंकलं, कितीतरी वेळ. काही झालं नाही.

दुपारपर्यंत गावात एकच बोलणं, मांगिणीनं भानामती केली, पाटलाची लेक खाल्ली. आमच्याकडं तेव्हा भानामती करणारीचे दात पाडायची रीत होती, म्हणजे मंत्र म्हणता येत नाहीत म्हणे. चार माणसांनी आत्याला चावडीपुढं धरून बसवलं. एकानं दगड उचलला. समोर रामराव.

तेवढ्यात उषाबाई आली, कुणाकडून निरोप न धाडता स्वतः. नुकती बाळंत झालेली बाई चावडीवर! लोक विटाळाच्या भीतीनं मागं सरकले. ती म्हणाली, “काल सकाळपासून माझ्या पोटात हालचाल नव्हती. पोरगी कालच गेल्ती. हिच्यामुळं मी जिती हाय.” एवढं बोलून ती तिथंच खाली बसली. दगड खाली पडला.

ते खरं होतं की आत्याला वाचवायला सांगितलं, हे आत्याला कधी कळलं नाही. उषाबाईला तिनं पुढं विचारलंही, तर ती म्हणाली, “जाऊ दे गोजरबाई.” नर्स म्हणून मी आत्याला पुन्हा पुन्हा विचारलं, कातडी कशी होती, रंग कसा होता, मूल मरून किती वेळ झाला ते त्यावरून सांगता येतं. आत्या म्हणाली, “मला आठवत न्हाई.” मला वाटतं तिला आठवत होतं.

पण त्यानंतर तिनं नियम बदलला. पाणी मागायचं ते सातव्या महिन्यात, बाई चालती-फिरती असताना. घरोघर आधीच जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, मग त्या बाईचं बाळंतपण धरायचं. कळा सुरू झाल्यावर अडवायचं नाही. बाकीच्या सुईणींना तिनं हे सांगितलं तेव्हा सगुणाबाई म्हणाली, “हे आधी सुचायला पायजे होतं.” आत्या म्हणाली, “व्हय.” तो नियम टिकला. अठ्ठेचाळीसपर्यंत सात गावांतल्या निम्म्याअधिक घरांत सुईणीला घरच्या तांब्यातून पाणी मिळू लागलं. मन बदललं म्हणून नव्हे, गरज होती म्हणून. आत्या त्याला कधी जिंकणं म्हणाली नाही.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदुस्थानी फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्याआधी वर्षभर रझाकारांचे लोक गावात यायचे, तेव्हा रामरावच्या ओट्यावर त्यांच्यासाठी बकरं कापलं जायचं. फौज आल्याच्या चौथ्या दिवशी त्याच ओट्यावर तिरंगा लागला आणि रामराव हातात कोयता घेऊन, वीस-पंचवीस माणसं घेऊन मुसलमानांची घरं शोधत निघाला. गावात चारच घरं होती. तीन आधीच रिकामी झाली होती. राहिली होती इमामबी, साठीला टेकलेली, सगळ्या गावाच्या बायांचे हात जिनं धरले होते ती.

ती धावत मांगवाड्यात आली. आत्यानं तिला आत घेतलं, बाजेवर आडवी केली, वर गोधडी टाकली. दाराला लिंबाचा डहाळा खोचला, शेगडी पेटवून धूर केला. आदल्या दिवशी एक बाळंतपण केलेलं होतं, त्याच्या न धुतलेल्या चिंध्या उंबऱ्यावर टाकल्या आणि स्वतः दारात बसली.

“म्हातारी हिकडं आली का?” रामरावनं विचारलं.

“आत बाळंतीण हाय,” आत्या म्हणाली. “वार पडली न्हाई आजून. मांगाची बाळंतीण. बघायचं असंल तर या, पाटील. हात लावून बघा.”

रामरावनं चिंध्यांकडं पाहिलं आणि धोतराचा सोगा नाकाला लावला. त्याच्या चेहऱ्यावर एवढी किळस होती की क्षणभर आत्याला वाटलं आता तो ओकणार. “थू,” तो म्हणाला, आणि सगळा घोळका मागं फिरला. झोपडीचा उंबरा कुणी ओलांडला नाही.

गोधडीखालून आवाज आला. इमामबी रडते आहे असं वाटून आत्यानं गोधडी उचलली, तर ती तोंडात पदर कोंबून हसत होती. “साठ बरस की बाळंतीण!” म्हणाली. मग दोघीही हसल्या, अंग थरथरेपर्यंत. मग आत्या बाहेर जाऊन ओकली.

“त्यांनी जी घाण माझ्या अंगावर टाकल्ती तीच म्या दारात मांडली,” ती मला म्हणाली. “इमामबी वाचली. पर नंदे, मला वाटलं, मी त्यांचंच म्हणणं खरं केलं.” मी तिला म्हटलं, आत्या, तू एका बाईचा जीव वाचवलास. तिनं मान हलवली आणि दुसऱ्यांदा परसात गेली.

दोन दिवसांनी धर्मराज आला. गावात मिरवणूक होती. राज्य आपलं झालं, सगळ्या जाती एकत्र चालणार, बाई, तुम्ही पुढं चाला, असं म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळलेला होता.

“सकाळी मी महारवाड्यातनं आले,” आत्या म्हणाली. “तुमच्या तिसऱ्या घरात इमामबीची डेगची चुलीवर हाय. आमच्या कोपऱ्यावरच्या घरात तिची गोधडी वाळत हाय.”

“पोरं लुटायला गेल्ती असतील. मला ठाऊक न्हवतं.”

“आता झालं ठाऊक.”

धर्मराजनं हातातला झेंडा कचरूकडं दिला आणि निघाला. त्या संध्याकाळी तो महारवाडा आणि मांगवाडा घरोघर फिरला. काही घरांनी शिव्या दिल्या, एकानं ढकललं. डेगची मिळाली, दोन गोधड्या मिळाल्या, एक तवा, आणि बांगड्यांची पेटी. पेटीचं झाकण फुटलेलं. वरच्या आळीत तो गेला तर दारं लावून घेतली. तिकडून एक पळीही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक देवळाकडून निघाली त्याच वेळी धर्मराजनं बैलगाडी जुंपली. इमामबीला जालन्याला भावाकडं पोचवायचं होतं. आत्या गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेली. इमामबी पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि चाकाच्या प्रत्येक हिसक्याला आत हात घालून एकेक बांगडी चाचपत होती. शाबूत असेल ती पुन्हा आत ठेवायची. फुटकी असेल ती गाडीबाहेर टाकायची. ओढा ओलांडून गाडी पार गेली तरी ती टाकतच होती.